दीड वीत खाली

९ फेब्रुवारी

वही हिने दिली. "बोलणं तर तुम्हाला जमत नाही, निदान लिहा," असं म्हणून माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून गेली. ही म्हणजे माझी बायको. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, म्हणून लिहितोय.

कारणही तसंच घडलंय. मी नाटकांचे सेट उभे करणारा सुतार. चौतीस वर्षं खोट्या भिंती उभारल्या आणि मोडल्या. आज सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. परदेशात मोठं प्रदर्शन भरतंय, प्रत्येक देशाला एकेक दालन. आपल्या दालनात धरणाचा फोटो, कारखान्याचं मॉडेल, नकाशे, हे सगळं आहेच. शिवाय एक खोली हवी, 'आपल्या देशातलं घर'. बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकलं की त्याला आपला देश कळला पाहिजे, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "किती बाय कितीची?" त्या म्हणाल्या, "बारा बाय दहा." बारा बाय दहात देश बसवायचा! मी हो म्हणून आलो.

प्रदर्शन कुठल्या शहरात आहे ते मी अगदी दारातून बाहेर पडताना विचारलं. घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे भाऊजी राहतात तिथे."

"पन्नास लाख माणसं राहतात तिथे," मी म्हटलं. "मला काय त्याचं?"

दादाचं आणि माझं सत्तावीस वर्षं बोलणं नाही. तो कामासाठी वहिनीला घेऊन तिकडे गेला, तिकडचाच नागरिक झाला. वडील गेले तेव्हा पाच दिवस उशिरा उगवला आणि रागावून परत गेला. एवढंच.

१७ फेब्रुवारी

समितीची बैठक. मॅडम, एक प्राध्यापक आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. 'आपण कोण' या विषयावर तीन तास. प्राध्यापक 'अस्मिता' म्हणाले की मी कागदावर एक रेघ मारत होतो. चहा येईपर्यंत एकोणीस झाल्या.

खोली गरिबाची की श्रीमंताची? डोंगरातली की नदीकाठची? एकाची दाखवली तर दुसरा रुसणार. शेवटी प्राध्यापक म्हणाले, सर्वांना आपलं वाटेल असं घर करा. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर्वांना आपली वाटेल अशी खोली म्हणजे स्टेशनवरची वेटिंग रूम. ती हवी तर उद्या करून देतो."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मिस्तरी, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, ज्या घराचे सांधे मला ठाऊक आहेत तेच घर मी करू शकतो. कामगार वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली. प्राध्यापकांनी विचारलं, असं घर बघायला मिळेल का? मी म्हटलं, रस्ता रुंद केला तेव्हा ते गेलं. कुणाचं घर ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२ मार्च

नकाशा डोळे मिटून काढला. खिडकी पूर्वेला, तिला पाच गज. खिडकीखाली फळी. दारामागे दोन खुंट्या, एक वर, एक खाली. भिंतीला लागून दोन अरुंद खाटा.

हिने मागून डोकावून पाहिलं. "दोन खाटा कशाला? एका खाटेने भागलं असतं की."

"एका खाटेने खोली मोकळी दिसते. प्रमाण साधत नाही."

"प्रमाण," ती म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. ही असा एखादा शब्द उचलून परत ठेवते तेव्हा माझं डोकं फिरतं.

६ मार्च

दार झालं. दार म्हणजे आमच्या घराची मुख्य गंमत. त्याला कडी नव्हती, लाकडी खिटी होती. दार लोटलं की खिटी आपली आपण खाचेत पडायची. मग आतून उचलल्याशिवाय दार उघडायचं नाही, बाहेरच्याने कितीही ढकललं तरी. वडील सुतारच होते, ही त्यांची करणी. तशीच केली, तश्शीच पडते. खट्ट असा आवाजही तोच.

खिटीच्या वर, साधारण दीड वीत अंतरावर, चार भोकं होती, लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेली. तीही आठवत होती तशी मारली आणि बुजवली. माझ्या वडिलांच्या हातून एक खिळा वाकडा गेलेला मी कधी पाहिला नाही. पण ही भोकं अगदी ओबडधोबड बुजवली होती. वडिलांनी ती तशी का राहू दिली, कोण जाणे.

दाराखाली फटही ठेवली, दीड बोट. मदतीला आलेला रंगारी म्हणाला, "मिस्तरी, एवढ्या फटीतून उंदीर येतील." येऊ देत. त्या दारातलं सगळ्यात जुनं मला आठवतं ते तेच: मी जमिनीवर आडवा पडलोय, दाराखाली उजेडाची पट्टी आहे आणि तिच्यात कुणाची तरी चार बोटं आहेत. त्याच्या पुढेमागे काही आठवत नाही. लहानपणी बघितलेलं एखादं स्वप्न असणार. पण फट दीड बोटच होती, त्यात शंका नाही.

१९ मार्च

मॅडम पाहणीला आल्या. पाच मिनिटं खोलीत शांत उभ्या राहिल्या. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी पर्स उघडून यादी काढली.

उंबरठा झिजलेला का? खुर्चीच्या पायाला जोड का? दाराला भोकं का? "मिस्तरी, देश असा ठिगळं लावून दाखवायचा का आपण?"

"मॅडम, नवी कोरी खुर्ची कुठल्याही देशाची असू शकते. तिला जोड कसा दिला ते बघून माणूस कळतो," मी म्हटलं. हे मला आयत्या वेळी सुचलं, पण नंतर खरंच वाटलं. आपण टाकून देत नाही काही. मोडलं तर बसून जोडतो. वस्तूंच्या बाबतीत तरी.

खुर्ची वाचली. उंबरठाही वाचला. भोकांवर मात्र त्या अडून बसल्या. आणि खिटी फार खाली आहे म्हणाल्या. "पाहुण्यांना वाकावं लागेल. आपल्या दारात कुणाला वाकायला लावायचं नाही."

हात टेकले. खिटी काढून वर नेली, म्हणजे भोकं तिच्या पट्टीखाली झाकली जातील. खालची जागा बुजवून रंगवून टाकली. गंमत अशी, की पट्टी वर धरली आणि चारही भोकं तिच्या चार स्क्रूंच्या खाली बरोबर आली. म्हणजे मूळ घरातही खिटी आधी वरच असणार. मग तिला खाली कुणी आणलं, आणि कशाला? वडील तर उंच होते, त्यांना रोज वाकावं लागायचं.

८ एप्रिल

डोक्याला ताप. पैसे कमी पडले म्हणून माहिती सांगायला जाणारा अधिकारी रद्द झाला. मॅडम म्हणाल्या, खोली तुम्ही केलीत, तुम्हीच सोबत जा. चोवीस दिवस. दुभाषी तिथे मिळेल. मी म्हटलं, मला चारचौघांत बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "समितीत तर बोलत होतात."

देशाबद्दल लोक काय वाट्टेल ते विचारतील. मला लाकडाबद्दल विचारा.

२६ एप्रिल

ही सामान भरते आहे आणि सरकारी वकिलासारखे प्रश्न विचारते आहे. दालनाचा नंबर काय? आत गेल्यावर खोली डावीकडे की उजवीकडे? तुम्ही जेवायला किती वाजता बाहेर जाणार? हिला माझ्या जेवणाच्या वेळेशी काय करायचंय, देव जाणे. एक ते दोन म्हणून सांगितलं. तिने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मग म्हणाली, "भाऊजी आले तर?"

"आले तर येतील. दालन सगळ्यांना उघडं आहे."

"दालन," ती म्हणाली.

आता वहीत खोटं कशाला लिहू? पहिल्या दिवशी लिहिलं की दादा रागावून परत गेला. तसा तो गेला नाही. तो दारात उभा होता, आमचं भांडण झालं, आणि दार मी लोटलं. खिटी आपोआप पडते, हे मी आधीच लिहिलं आहे.

३ मे

पोचलो. खोली सुरक्षित आली, फक्त एका फळीचा कोपरा दबलाय.

दुभाषी म्हणजे इथल्याच एक बाई आहेत, पन्नाशीच्या. आपली भाषा पुस्तकांवरून शिकल्या. मला बघताच म्हणाल्या, "आपला प्रवास निर्विघ्न झाला ना? आपण भोजन केलेत का?" मला एकदम कुणीतरी सिंहासनावर बसवल्यासारखं वाटलं. आपल्या सगळ्या नद्यांची लांबी त्यांना पाठ आहे. आपल्या देशात त्या कधी आलेल्या नाहीत. मी देशात अठ्ठावन्न वर्षं काढली, मला एका नदीची लांबी येत नाही.

मॅडमनी रोज भरायचा एक तक्ता दिलाय. दोन रकाने: परदेशी पाहुणे, आपले नागरिक. माणूस आत आला की रेघ मारायची. संध्याकाळी बेरीज फोनवर कळवायची. दारावर मोजणारं यंत्रही आहे, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जो आधी आपला होता आणि आता इथला झालाय त्याची रेघ कुठे मारायची, हे मी निघण्याआधी विचारून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पासपोर्ट ज्याचा, देश त्याचा. परदेशी." मला पटलं. मी स्वतः एकदा हेच म्हणालो होतो.

७ मे

परदेशी २८८. आपले २.

लोक नकाशांसमोर थांबत नाहीत. धरणाकडे बघतात आणि पुढे जातात. खोलीत मात्र येतात आणि रेंगाळतात. प्रश्न भलतेच. तुमच्या देशात सगळ्या घरांत खालची खुंटी असते का? मी म्हटलं, मुलं असली की असते. एक म्हातारी जोडलेल्या खुर्चीवर हात फिरवत बराच वेळ उभी होती. दुभाषीबाई म्हणाल्या, "त्यांच्या पित्याकडे अशीच होती, असे त्या सांगतात." म्हणजे मी आपला देश म्हणून दाखवतोय ते तिला तिचा वाटतोय. हे समितीला कळवावं की नाही, विचार करतोय.

प्राध्यापकांनी भिंतीवर लावायला मोठा मजकूर पाठवलाय. सकाळपासून त्याच्यासमोर कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. त्याच्याखाली लोक ओल्या छत्र्या ठेवतात.

१२ मे

आज दुभाषीबाईंनी विचारलं, "दुसरी शय्या कोणाची?"

कुणाचीच नाही, प्रमाण साधायला ठेवली, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "थोरल्या भावाची." मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात इथे कामाला लागला. मला सायकल त्यानेच शिकवली, आणि पडलो की घरी सांगायचा नाही. त्या म्हणाल्या, "ते सांप्रत कोठे असतात?" मी म्हटलं, बाहेर.

वहीच्या शेवटच्या पानात हिने एक कागद खोचून ठेवलाय, तो मला काल सापडला. त्यावर या शहरातला पत्ता आहे, हिच्या अक्षरात. हिला तो कुठून मिळाला? फोन करून विचारलं तर म्हणाली, "जुना पडला होता कुठेतरी." कागद तर नवा कोरा आहे.

१४ मे

सुट्टी. पत्ता घेऊन गेलो. नुसतं बघायला. आमचं आडनाव इथल्या लिपीत कसं दिसतं ते दुभाषीबाईंकडून आधी लिहून घेतलं होतं. चार मजली इमारत, खाली घंटांची बटणं, तिसऱ्या मजल्याच्या बटणासमोर तीच अक्षरं. आमचं आडनाव आणि मला वाचता येत नव्हतं, जुळवून बघावं लागलं.

बटण जरा सैल वाटलं. घंटा बिघडलेली असणार, म्हणून दाबली नाही. समोरच्या बाकावर वीस मिनिटं बसलो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कुंडी होती. मग परत आलो.

घंटा बिघडलेली नव्हती. असेलही, पण मला ते ठाऊक नाही.

२० मे

परदेशी ३४०. आपले ०.

जेवून दोन वाजता परत आलो तर दुभाषीबाई अभिप्रायाची वही छातीशी धरून उभ्या. "क्षमा करा, एका वृद्ध गृहस्थांनी चूक दाखवली आहे. आपल्या भाषेत लिहिले आहे. ते पुष्कळ वेळ दारापाशी होते. मी थांबा म्हटले, परंतु ते थांबले नाहीत."

मी वही घेतली. अक्षर ओळखलं. जोडलेल्या खुर्चीवरच बसलो. प्रदर्शनातल्या वस्तूंवर बसायला मनाई आहे.

जे लिहिलं होतं ते इथे उतरवून ठेवतो.

'खोली चांगली झाली आहे. दाराखालची फट बरोबर ठेवलीस. खिटी मात्र चुकली, दीड वीत खाली हवी. तू पाच वर्षांचा होतास. आईबाबा कामावर होते. वाऱ्याने दार लागलं, खिटी पडली आणि तू आत अडकलास. तुझा हात पोचेना. मी शाळेतून आलो तेव्हा तू रडून रडून निळा झाला होतास. बाबा येऊन खिडकीचा गज काढेपर्यंत मी बाहेर जमिनीवर पडून दाराखालून बोटं सरकवली होती, ती तू धरून ठेवलीस. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या हत्यारांनी खिटी खाली आणली, तुझा हात पोचेल अशी. जुनी भोकं मला नीट बुजवता आली नाहीत. बाबा हसले, पण तशीच राहू दिली. ती तुझ्या दारावर दिसली नाहीत.'

खाली नाव नाही.

दारावर, खिटीच्या खाली दीड वीत, पेन्सिलीची बारीक रेघ ओढलेली आहे. मी बुजवून रंगवलेली जागा नेमकी तीच.

२१ मे

काल पुढे लिहवलं नाही. आज सगळं लिहून मोकळा होतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी दादा दारात आला तेव्हा त्याच्या हातात बॅग होती. मी म्हटलं, आता कशाला आलास? तो म्हणाला, विमान मिळालं नाही, कागद मिळाले नाहीत, त्यांच्या नागरिकाला इकडे यायला परवानगी लागते. मी म्हटलं, "म्हणजे तुला आपल्या घरात यायला परवानगी लागते? मग तू बाहेरचाच झालास." आणि दार लोटलं. खिटी आपोआप पडली. सत्तावीस वर्षं मी हे स्वतःला सांगत आलो, की खिटी आपोआप पडली. पडते ती आपोआप. उचलायला हात लागतो. माझा हात तिच्यापासून एक फुटावर होता.

त्याने दोनदा दार वाजवलं. मग वाजवलं नाही, पण गेलाही नाही. पाऊण तास दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली होती. ही पुढे झाली आणि तिने खिटीकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. तिने मनगट सोडवून घेतलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग सावली गेली.

जी खिटी त्याने माझा हात पोचावा म्हणून खाली आणली, तिच्याच मागे मी त्याला उभा ठेवला. मला लाज वाटते. एवढं साधं लिहायला मला सत्तावीस वर्षं लागली.

हिला फोन केला. सगळं सांगितलं, दादा येऊन गेला म्हणून. ती म्हणाली, "हो का?" तिच्या आवाजात आश्चर्य काही सापडेना. मग म्हणाली, "एक ते दोनमध्येच बरे आले." मी म्हटलं, तेच तर माझं दुर्दैव. ती म्हणाली, "त्यांना आधी खोली एकट्याने बघायची असेल." बायकांना कसं काय सुचतं, कळत नाही. शेवटी तिने विचारलं, प्रदर्शन कधी संपतं? मी म्हटलं, सत्तावीसला, संध्याकाळी सहा.

२३ मे

प्रदर्शनातल्या वस्तूंत बदल करायचा असेल तर सहा जणांच्या सह्या लागतात. मी सकाळी दालन उघडायच्या आधी पेचकस घेऊन कामाला लागलो. दुभाषीबाई दाराशी पहारा देत उभ्या राहिल्या. नियम मोडणारी बाई वाटत नाही, पण म्हणाल्या, "त्वरा करा."

खिटी काढली, पेन्सिलीच्या रेघेवर बसवली. वर चार भोकं उघडी पडली. ती बुजवायला लाकडाचे तुकडे कापले आणि मुद्दाम हात कच्चा ठेवला. तेरा वर्षांच्या मुलासारखं काम करायला मला चार वेळा प्रयत्न करावा लागला. नीटच जायचे तुकडे.

दिवसभर पाहुण्यांना वाकावं लागलं. कुणीही तक्रार केली नाही. एकाने भोकांबद्दल विचारलं. मी दुभाषीबाईंना म्हटलं, सांगा, आमच्या देशात घरात सगळ्यात लहान जो असतो त्याच्या उंचीने खिटी बसवतात. त्यांनी मान डोलावून सांगितलं आणि मग हळूच मला विचारलं, "हे सत्य आहे का? मी कोठेही वाचले नाही." मी म्हटलं, एका घरात तरी खरं आहे.

२५ मे

परदेशी ३६१. आपले १. तो एक म्हणजे वकिलातीतला कारकून, तो स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला आला होता.

जेवायला गेलो नाही. कालही गेलो नव्हतो. दुभाषीबाई डबा आणून देतात.

२७ मे

तक्ता जुळत नाही, म्हणून मॅडमचा फोन आला होता. यंत्र म्हणतं ४१९, माझ्या रेघा ४१७. मॅडम म्हणाल्या, "परदेशी ४१६, आपले १. मिस्तरी, दोन माणसं गेली कुठे?" मी म्हटलं, गेली नाहीत, आली. त्यांना काही कळलं नाही. मी म्हटलं, घरच्या माणसांच्या रेघा मी मारलेल्या नाहीत. त्यांचा पासपोर्ट कुठला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघितला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, यंत्र बिघडलं होतं असं लिहा. तसं लिहिलं आहे.

झालं ते असं. साडेपाचला गर्दी ओसरली. सहाला पाच मिनिटं होती. आतले दिवे पुसावेत म्हणून मी खोलीत गेलो आणि स्टूल ठेवायला जागा व्हावी म्हणून दार लोटलं. खिटी पडली, खट्ट. बाहेर दुभाषीबाई कुणाला तरी म्हणत होत्या, "ते आत आहेत. आपण दोघे यावे." मग पावलं. मग दाराखालच्या फटीत सावली आली. बुटांची एक जोडी पुढे, एक मागे, वहिनीची.

दार वाजलं नाही. मी स्टुलावरून उतरलो. हातातलं फडकं कुठे ठेवावं ते कळेना. दारापाशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो. हात वर नेला, सवयीने, नेहमीच्या दाराला जिथे कडी असते तिथे. तिथे नुसती बुजवलेली भोकं होती. बोटांना ती लागली. काय बोलायचं ते मी चार दिवस पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. सावली हलत नव्हती. पाऊण तास ती अशीच उभी राहू शकते, हे मला माहीत होतं.

मग बाहेरून दादाचा आवाज आला. म्हातारा झालाय आवाज, पण त्याचाच.

"पोचतो का रे हात?"

मी वाकलो. म्हटलं, "पोचतो," आणि खिटी उचलली.